विरळणी

काका रोपं मारायला बसले की नवा माणूस तिथं उभा राहू शकत नसे. ‘मारायला’ हा शब्द त्यांचाच. ट्रेमध्ये पेटुनियाची, फ्लॉक्सची इवली रोपं दाटीवाटीनं वर आलेली असायची. दोन-दोन पानांची, नुकती डोळे उघडलेली. काका स्टूल ओढून बसायचे, चष्मा नाकावर खाली घ्यायचे आणि दोन बोटांच्या चिमटीत एकेक धरून उपटत जायचे. जे बुटकं, जे वाकडं, जे शेजारच्याच्या सावलीत गेलेलं, ते गेलं. ह्याला विरळणी म्हणतात. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, “काका, टाकताय कशाला, आम्हाला द्या ना, कुंडीत लावू.”

“नाही. उद्या तुमच्या दारात मरतुकडं झाड दिसलं की लोक विचारतील, कोणाकडून आणलं.” असं म्हणून मूठ आवळायची, रोपांचा लगदा करायचा आणि खताच्या खड्ड्यात भिरकवायचा.

संत तुकाराम नगरमधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायला आलो तेव्हा माझं नवंनवं लग्न झालेलं होतं. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्ट बदलती, त्यामुळे दिवसाचा मोठा भाग मी एकटीच. काकांची सगळी नोकरी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणी खात्यात गेलेली. लाल खडूनं फुली मारायची आणि माल परत पाठवायचा, एवढंच काम. म्हणून कॉलनीत त्यांना सगळे ‘रिजेक्शन काका’ म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडायचंही. माणसांना नावानं हाक मारायची त्यांना सवयच नव्हती. ज्याचं जे गाव, तेच नाव. मी लातूरची, म्हणून मी शेवटपर्यंत ‘लातूर’. “काय लातूर, नवऱ्याला डबा दिलास का नुसतीच उभी आहेस?”

पण त्यांचा हंगाम बघण्यासारखा असे. गणपती उठले की काकांच्या अंगात वारं शिरायचं. शेणखत चाळून चाळून रव्यासारखं करायचे. पेटुनियाचं बी म्हणजे नुसती धूळ, शिंक आली तरी उडून जाईल. ते बारीक वाळूत मिसळून कागदाच्या घडीवरून ट्रेवर भुरभुरवायचे, तेव्हा घरात पंखा बंद, बोलणं बंद. काकूंनी कुकर लावलेला असेल तर तोही उतरवायचा. वरून पाणी कधी द्यायचे नाहीत. पाण्यानं भरलेल्या घमेल्यात ट्रे ठेवायचे आणि माती खालून ओली होत वर येईपर्यंत तिच्याकडे बघत बसायचे. परतीचा पाऊस आला की लुंगी गुंडाळून ट्रेवर छत्री धरून उभे. स्वतः मात्र भिजत. पहिली दोन पानं दिसली की जिन्याखालून ओरडायचे, “लातूर, खाली ये!” मी धावत जायची. ते काहीच बोलायचे नाहीत, नुसतं बोटानं दाखवायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा होई. तो चेहरा मी पाहिला नसता तर मला हे लिहायचं काही कारण नव्हतं.

जानेवारीत ते अंगण असं फुलायचं की रस्त्यावरून जाणारी माणसं गाड्या थांबवायची. पांढरा, जांभळा, गुलाबी फ्लॉक्स, कुंपणाला उंच हॉलीहॉक, आणि भिंतीच्या कडेनं जरबेऱ्याचा पट्टा. बाकीची फुलं एका हंगामाची. उन्हाळा लागला की संपली. जरबेरा मात्र टिकाऊ. तो पट्टा काकांनी स्वतः धरलेल्या बियांतून, वर्षानुवर्षं नको ते उपटत उपटत तयार केलेला होता. त्यात एक शेंदरी रंग असा होता की मी तसा पुन्हा कुठल्याही नर्सरीत पाहिला नाही.

त्या अंगणातलं एकही फूल तोडायची मात्र परवानगी नव्हती. काकूंनासुद्धा. उत्तम झाडांना काका लाल दोरा बांधायचे. ती बियाण्याची. उरलेली ‘शोभेची’. काकू रोज सकाळी भरलेल्या अंगणातून वाट काढत कोपऱ्यावरच्या टपरीवर जायच्या आणि देवासाठी फुलपुडी आणायच्या. एकदा गुरुवारी टपरी बंद होती. काकूंनी पांढऱ्या फ्लॉक्सचा एक झुबका दत्ताच्या तसबिरीला वाहिला. काका आंघोळ करून आले, हात जोडले, डोळे उघडले, आणि तो झुबका तसबिरीवरून उचलून घेतला. “दोरा दिसला नाही तुला?” एवढंच म्हणाले आणि तो खड्ड्यात टाकून आले. मी रिकामी वाटी घेऊन गेले होते, दारात थिजले. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, “साखर हवी का गं?”

माझ्यावरही एकदा पाळी आली. माझं पहिलं बाळ चौथ्या महिन्यात पोटातच गेलं. हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा जिन्यापाशी काका रोपांना आधाराच्या काड्या लावत होते. त्यांनी मान वर केली. “पेरलेलं सगळं उगवत नसतं, लातूर. जे नीट नसतं ते आधीच जातं, बरंच असतं ते.” माझा नवरा त्यांच्या अंगावर धावून जायचाच बाकी राहिला. मी वर जाऊन दार लावलं ते पुढे कित्येक दिवस काकांच्या वाऱ्याला उभी राहिले नाही. त्यांनी क्षमा मागितली नाही. त्यांना क्षमा मागण्यासारखं काही घडलंय असं वाटलंच नव्हतं. पण एक दिवस दार उघडलं तर उंबऱ्यापाशी मातीचा भरलेला ट्रे. खालून आवाज आला, “पेरलंय मी. पाणी वरून देशील तर मारशील. खालून दे.”

रागानं तो ट्रे मी तसाच ठेवला होता. संध्याकाळी उठून घमेलं भरलं. बी पेरायला मी अशी शिकले.

काकांचा मुलगा प्रशांत कुरुळीत राहायचा, जवळच्याच एका कारखान्यात सुपरवायझर होता. माणूस हसरा. बापासमोर मात्र खांदे पाडून बसायचा. काकू सांगायच्या, लहानपणी त्याची चित्रं, त्याचे मार्क, त्याचं पोहणं, सगळं काकांनी तपासून बाजूला ठेवलेलं. ‘घरातला पहिला रिजेक्ट पीस’ हे ते पाहुण्यांसमोर विनोदानं म्हणायचे. पाहुणे हसायचे. प्रशांतही हसायचा.

काकांच्या वाढदिवसाला तो एकदा थेरगावच्या नर्सरीतून पेटुनियाच्या फुललेल्या कुंड्या घेऊन आला. गच्च फुललेल्या, बघत राहाव्या अशा. बरोबर बायको, छोटी मुलगी, आम्ही दोघं, शेजारचे दोघे-तिघे. काकांनी एक कुंडी हातात घेतली, उलटी केली, तळाला थाप मारली आणि मातीचा गोळा बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. मुळं गोल गोल गुंडाळलेली, माती जवळजवळ नाहीच.

“हे बघा. वरून नुसता थाट. आत काही नाही. आठवड्याभरात मान टाकेल.” मग मुलाकडे बघून म्हणाले, “अगदी तू शोभतोस बघ निवडणारा.”

कुंड्या त्यांनी एकामागून एक खड्ड्यात रिकाम्या केल्या. प्रशांतची मुलगी रडायला लागली. प्रशांतनं चहा संपवला, कप धुऊन ठेवला, “येतो अण्णा” म्हणाला आणि गेला. तो पुढे फार दिवस आला नाही. आणखी वाईट गोष्ट अशी की काकांचं म्हणणं खरं होतं. रिकामी व्हायची राहिलेली एक कुंडी मी गुपचूप वर नेली होती. ती आठवड्याभरातच वाळली.

पुढे आम्ही मोशीला स्वतःचा फ्लॅट घेतला. माझी मुलगी तिथंच झाली. काकांकडे मी अधूनमधून जायची, बी घेऊन यायची. असाच एका दिवाळीच्या तोंडावर काकूंचा फोन आला. खत चाळता चाळता काका कोसळले होते. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं किती, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते घरी आले तेव्हा हाक मारली तरी नजर हलवत नव्हते. घरच्यांनी धरूनच टाकलं की आत आता कोणी नाही.

प्रशांत कुरुळीचं घर सोडून बायको-मुलीसकट आईवडिलांकडे राहायला आला. सेवा त्यानं केली, त्यात खोट काढता येणार नाही. बापाला उचलून न्हाणीघरात न्यायचा, दाढी करायचा, भरवायचा. पण तोंड थांबत नव्हतं. मी भेटायला गेले तेव्हा तो त्यांच्या गालाला साबण लावत होता. “बघा वहिनी, रिजेक्ट पीस कामाला येतोय. काय अण्णा? पास का नापास?” असं म्हणून तो त्यांची हनुवटी धरून मान होकारार्थी हलवायचा. “पास म्हणतायत!” त्याची मुलगी खिदळायची. काकू भाजी निवडत असायच्या.

जानेवारीत गेले तर अंगणात गवंडी. सिमेंटचे ब्लॉक बसवणं चालू होतं. प्रशांतला गाडी आत लावायची होती. काकांची खुर्ची खिडकीशी, तोंड अंगणाकडे. “हवा लागू दे त्यांना,” प्रशांत म्हणाला. माणसं कुदळीनं जरबेऱ्याचा पट्टा खणत होती. शेंदरी फुलांसकट गड्डे उपटून ढिगावर पडत होते. मी म्हटलं, “प्रशांतभाऊ, निदान कडेचा पट्टा ठेवा, गाडीला तेवढी जागा लागत नाही.”

“कशाला? बघणार कोण? ह्यांना भिंत आणि फूल एकच आता.” मग खिडकीतून आत वाकून तो मोठ्यानं म्हणाला, “अण्णा, सगळा माल रिजेक्ट हं!”

काकांची नजर समोर होती. पापणी हलली नाही. मी ढिगातून शेंदरी गड्डा उचलून पिशवीत घातला, पण मुळंच तुटली होती. तो काही जगला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मी त्यांच्याकडे माझा ट्रे घेऊन गेले. उशिरा पेरलेला गलांडा होता, रोपं चार पानांवर आलेली. का नेला ते सांगणं अवघड आहे. रिकाम्या हातानं त्या खिडकीशी बसवेना, एवढंच. प्रशांत कामावर गेला होता. काकू आत होत्या. ट्रे मी काकांच्या मांडीवर ठेवला आणि बोलत राहिले, मुलांशी बोलतो तसं काहीबाही. “बघा काका, कसं आलंय. मी विरळणी केली नाही अजून.”

त्यांचा डावा हात हलला. आधी मला वाटलं, झटका आला. हात थरथरत ट्रेवर आला, बोटं रोपांवर टेकली, घसरली, पुन्हा टेकली. मग चिमूट जुळली आणि एक रोप उपटलं गेलं. थोड्या वेळानं दुसरं. मी बघत होते. दोन रोपं शेजारी होती, एक जाड, एक लांबट आणि फिकं. बोटं जाड्यावरून पुढे सरकली आणि फिकं घेतलं. कोपऱ्यातलं वाकडं, ते घेतलं. चुकून एकही चांगलं उपटलं नाही. वेळ खूप लागला. संपल्यावर हात मांडीवर पडला आणि ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

ह्या माणसाला सगळं समजत होतं. दाढी करताना हलवलेली मान, नातीचं हसणं, कुदळीचा एकेक घाव, खिडकीतून ओरडून सांगितलेलं, सगळं.

मी स्वयंपाकघरात धावले. “काकू, काकांना समजतं! सगळं समजतं त्यांना!”

काकू मेथी निवडत होत्या. निवडतच राहिल्या. “माहितीय मला.”

“कधीपासून?”

“घरी आणलं तेव्हापासून. नको असलं की डोळे मिटून घेतात. हवं असलं की टक लावून बघतात. इतक्या वर्षांचा संसार आहे, मला नाही कळणार?”

“मग प्रशांतभाऊंना का नाही सांगितलंत?”

“सांगितलं तर तो थांबेल,” काकू म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता, दुःख नव्हतं. दूध उतू जाईल, गॅस बारीक कर, असं सांगावं तशा म्हणाल्या.

मी परत काकांपाशी गेले. त्यांच्यासमोर खाली बसले, म्हणजे नजर चुकवता येऊ नये. “काका, मला कळलंय. मी प्रशांतला सांगते. आज संध्याकाळीच सांगते. त्याला कळलं तर तो असं वागणार नाही. सांगू?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आजारपणात पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे. मग डोळे मिटून घेतले.

मला वाटलं, थकले असतील. थांबून पुन्हा विचारलं. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा मिटले. घट्ट. तेव्हा मी ट्रे उचलला आणि घरी आले.

त्यांना नको होतं. का नको होतं, ह्याचा मी खूप विचार केला. मुलानं कीव केलेली त्यांना सहन झाली नसती, की आपल्या पदरात पडतंय ते आपलंच आहे असं त्यांनी ठरवलं होतं? त्यांनी आयुष्यभर कुणालाच कारण सांगितलं नाही, मलाही सांगितलं नाही. पण मला लातूर म्हणून हाक मारणाऱ्या त्या माणसानं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, ती मी दिली.

काका मे महिन्यात गेले. दुपारची वेळ, अंगणातले ब्लॉक तापलेले, माणसं चपला काढायला कचरत होती. प्रशांत सगळ्यांत जास्त रडला. बापाच्या उशाशी बसून त्यांचे केस सारखे करत होता, पुन्हा पुन्हा, जणू कोणी तपासायला येणार आहे. तिरडी बांधून झाली तेव्हा तो आईच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाला, “एक बरं झालं गं आई. शेवटी शेवटी अण्णांना काही कळत नव्हतं. नाही ना गं?”

काकूंनी त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. मग त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“नाही रे बाळा,” त्या म्हणाल्या. “काही कळत नव्हतं त्यांना.”