मागचं बुजवलेलं दार

आमचं घर नाग नदीच्या काठावर. आजेसासऱ्यांनी ते बांधलं तेव्हा नदीत कपडे धुतले जायचे, म्हणून घराला दोन दारं ठेवली. रस्त्याकडून तीन पायऱ्या चढून आत यायचं, मागच्या सागवानी दारातून पाच पायऱ्या उतरून पाण्याशी जायचं. जोतं काळ्या दगडाचं, भिंती दीड हात रुंद. पुढे नदीचा नाला झाला. वास सोसवेना तेव्हा सासऱ्यांनी मागचं दार काढून तिथे स्वतःच्या हातानं विटा रचल्या. ते सरकारी खात्यात इमारतींचे नकाशे काढायचे.

समोरचा रस्ता मात्र वर चढत गेला. डांबरावर डांबर, त्यावर सिमेंट. आता आम्ही रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून घरात शिरतो.

नवरा गेल्यापासून घरात मी आणि सासरे, दोघंच. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी रस्त्याचं पाणी आत आलं. पुढचं लोखंडी दार बाहेर उघडणारं. पाण्याच्या दाबानं ते हलेना. खिडक्यांना गज. पाणी कमरेला लागलं. सासऱ्यांना मी कशीबशी स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवलं. पुण्याला असलेल्या माझ्या मुलाला फोन केला, तर तो नुसता रडायला लागला.

"मामाजी, मागची भिंत फोडते."

"काहून? तिकडं नदी आहे ना वं!" मग म्हणाले, "पाह्य बरं, पायऱ्या दिसते का?"

मी मोरीच्या खिडकीतून पाहिलं. वरच्या दोन दिसत होत्या; नदी अजून जोत्याच्या खालीच होती.

"मंग खालून पाचव्या थरात मार. तिथं माह्यं सिमेंट सरलं होतं. तसंच लावलं, कोणाले सांगितलं नाही."

पाण्यात हात घालून मी थर मोजले आणि पहार मारत राहिले. हाताची सालं निघाली. अखेर एक वीट सुटली, मग तीन-चार, आणि पाणी भोवरा करत बाहेर धावलं. सासरे ओट्यावर तोंड झाकून बसले होते.

मुलगा दुसऱ्या दिवशी आम्हाला न्यायला आला. "मले नेऊ नको," सासरे म्हणाले. "तुह्या मायले ने."

त्यांना टाकून मी कशी जाणार? आता आभाळ भरून आलं की मी पुढचं दार सताड उघडं ठेवते आणि घराबाहेर पडत नाही. शहरातच सक्करदऱ्याला बहिणीकडे चार दिवस जायचं ठरलं होतं. तेही राहिलंच.