पंख धरायचा

माधव नगरात माझ्या खोलीसमोरच्या ओट्यावर एक काका रोज संध्याकाळी कागदाचं, जुन्या तऱ्हेचं दुहेरी पंखांचं विमान बनवत बसायचे. नववीत शाळा सोडून मी याच शहरातल्या भैरवगढच्या कारखान्यात लाकडी ठशांनी साड्या छापायला आलो होतो. घाईने ओल्या रंगावरच दुसरा ठसा मारायचो. आणखी एक साडी बिघडली की गावी परत, असं काम शिकवणाऱ्या उस्तादांनी बजावलं होतं.

एका संध्याकाळी काकांनी मला बोलावलं आणि डिंक लावलेला पंख विमानाला टेकवला. “धर.”

“मग काय करू?”

“काही नाही रे भैया. वाळेपर्यंत धरायचं, बस. यातच तर आराम आहे.”

पंख चिकटेपर्यंत मी धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी पहिला रंग वाळेपर्यंत मी ठसा धरून उभा राहिलो. उस्ताद ओरडले, “सो गया क्या?” साडी साफ उतरली.

संध्याकाळी काकांनी बोलवायच्या आधीच मी दुसरा पंख धरायला जाऊन बसलो.