मामांनी घासलेला पाळणा

निर्जीव वस्तूंशी इतक्या अदबीनं वागणारा माणूस साऱ्या बसवकल्याण तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. हे आमच्या हिचे मंठाळचे मामा. लग्न केलं नाही, घरात एकटेच. तरी शेतातून परतले की उंबऱ्यात उभं राहून खाकरायचे. "आत कुणी काई करायलं असंल, एकदम कामून घुसावं?" कपाटाला ते अक्का म्हणत, मोटारसायकलला अण्णा. एकदा बसमध्ये रिकाम्या सीटला त्यांनी "बसू का?" म्हणून विचारलं. सीट काही बोलली नाही, म्हणून बिचारे हुमनाबादपर्यंत उभे राहिले. आम्ही पोट धरून हसायचो.

हिला आठवा लागला तेव्हा मामा त्यांच्या घरचा सागवानी पाळणा टेंपोत घालून कलबुर्गीला आमच्याकडे आले. बाळासाठी काढून ठेवलेल्या खोलीत पाळणा टांगला आणि त्याच्याशी गप्पा मारत रंग उतरवायला बसले. वरचा निळा रंग हिच्या जन्माच्या वेळचा, खालचा हिरवा माझ्या सासूबाईंचा, त्याखालचा पिवळा खुद्द मामांचा. पिवळा निघाला आणि उघड्या लाकडावर, बाळाचं डोकं येतं तिथं, बोटाच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला. मामांनी पॉलिशपेपरनं घासला, टर्पेंटाइन चोळलं. सकाळी ठिपका होता तसाच, उलट जरा ओलसर. मामांच्या गप्पा थांबल्या.

त्या दुपारी वीज गेली होती, खिडकीबाहेर पान हलत नव्हतं. मी खोलीत डोकावलो तर पाळणा हळूहळू झुलत होता. हात लावून थांबवला. हात काढला, पुन्हा झुलू लागला. मी हाक मारली तसे मामा आले, दाराशी खाकरले.

"थांबवू नका, जावई," ते म्हणाले. "माझ्याआधी एक पोरगी झाल्ती आईला. बारशाच्या आधीच गेली. मला आजीनं सांगितलं, आईनं कधी तोंडातून काढलं न्हाई. ही तीट आईच्याच बोटाची हाय."

ही दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. पोटाशी हात धरून म्हणाली, "मामा, माझं बाळ ह्यात न्हाई ठेवायची मी."

"नको ठेवू, माय. उद्या घेऊन जातो. तिचं एक काम राहिलंय, तेवढं करू दे."

सकाळी मामा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले. पाळण्यात हिची एक मऊ साडी अंथरली. "आत्या न्हाई तिला, भाऊच हाय," असं पुटपुटत वाकले आणि त्या रिकाम्या पाळण्यात, ठिपक्याशी तोंड नेऊन, सत्तरीच्या म्हाताऱ्यानं "कुर्रर्र" केलं. मग काहीतरी कुजबुजले. पाळणा एकदा झुलला आणि थांबला. एरवी हसून लोळलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

मामा कड्या काढायला लागले तशी ही पुढं झाली. "राहू द्या, मामा," एवढंच म्हणाली.

ठिपका सोडून बाकी पाळण्याला त्यांनी लाखेचं पॉलिश केलं. आज आमची लेक त्यात निवांत झोपते. त्यांच्या बहिणीचं नाव काय ठेवलं, असं मी मामांना विचारलं होतं. "तिला सांगितलंय. तुमाला कामून पायजे?" म्हणाले.

आता हात लावल्याशिवाय पाळणा हलत नाही. आम्हाला बरंच वाटतं. पण मामा आले की लेकीला उचलून माझ्याकडे देतात आणि रिकाम्या पाळण्यासमोर हात मांडीवर ठेवून बसतात. चहा निवून जातो, तरी उठत नाहीत.