भोकं पाडलेलं मडकं

सोसायटीची टाकी धुतली की ब्लीचिंग पावडरचा वास जिन्याभर पसरतो आणि मी घरात येरझाऱ्या घालू लागतो. बायको विचारते, "पुन्हा परीक्षेला बसलात का?"

बसलो होतो, नव्वदच्या दशकात. पर्यावरण अभियांत्रिकीच्या प्राथमिक प्रमाणपत्राची प्रात्यक्षिक परीक्षा, धसईजवळच्या पाड्यावर. आदल्या दिवशी मडक्याला भोकं पाडून, ब्लीचिंग पावडर भरून, पाणी शुद्ध व्हावं म्हणून मी ते विहिरीत टांगलं होतं. सकाळी परीक्षकांनी विहिरीचं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होणार आणि मी पास. माझे पाय एका जागी ठरेनात. पाणी काचेसारखं राहिलं.

"मडकं मीच काढलं," काठावरची म्हातारी शांतपणे म्हणाली. "भोकाचं मडकं मयताला लागतं रे. आमी काय मेलोय?"

मी नापास झालो. एसटीत मुरबाड येईपर्यंत तिला मनात शिव्या घातल्या. विहीर तिची आणि विचारलं मी नव्हतं, हे तेव्हा कुठे सुचणार.

सहा महिन्यांनी पुन्हा तीच विहीर. या वेळी मडकं घेऊन आधी तिच्या दारात गेलो.

"आजी, आता काय करू?"

"तवाच इचारायला काय झालतं?" तिने मडक्यावर हळदीची बोटं ओढली, कुंकू लावलं. "सोड आता. देवाचं झालं."

सकाळी नळीतलं पाणी पिवळं झालं. परीक्षक म्हणाले, "क्लोरीन." मीही घाईघाईने मान डोलावली. तो पिवळा रंग पावडरचा होता की म्हातारीच्या हळदीचा, हे मी आजवर तपासलेलं नाही.