दसऱ्याला वाटलेले दगड

दुसऱ्याच्या शेताखालचा दगड तुम्ही कधी देव्हाऱ्यात ठेवलाय का? लगेच नाही म्हणू नका. अमेरिकेत ईडन प्रेरीतल्या शिकल्यासवरल्या मराठी घरांनी ठेवलाय, याच दसऱ्याला, सन २००६ मध्ये.

बाळकाका भूगर्भशास्त्रज्ञ. रिटायर झाले तरी एका खाणकंपनीसाठी आफ्रिकेत बुर्किना फासोला जाऊन आले. कंपनी म्हणत होती, टनामागे नऊ ग्रॅम सोनं. काकांनी रिपोर्टवर सही केली की गाव उठणार, ज्वारीची शेतं खणली जाणार. तो आकडा काकांच्या घशाखाली उतरेना. ड्रिलिंगमधून निघालेले सतरा दगड पक्क्या शाईने नंबर घालून त्यांनी घरी आणले, दुसऱ्या लॅबकडून तपासून घ्यायला.

त्याच आठवड्यात पुण्याहून येणारी आपट्याची पानं कस्टम्सने अडवली. वसुधाकाकूंनी गराजमधलं खोकं उघडलं, दगड साबणाने घासले आणि मंडळात 'सोनं घ्या' म्हणत वाटून टाकले.

"खोक्यावर गोल्ड लिहिलं होतं," काकू म्हणाल्या. "त्यात सोनं नाही, हे मला काय माहीत?"

"आहे की नाही तेच तर बघायचं होतं."

काका घरोघर निघाले. शुभाने दगडाला हळदकुंकू वाहिलेलं. "दसऱ्याचं सोनं कुणी परत मागतं का, काका?" शेवटी घरामागचा दुसरा दगड बदली देऊन तो सोडवला. विनयने तर गराजमध्ये हातोड्याने फोडूनच पाहिला होता.

"काहीच निघालं नाही, काका."

"अरे, टनात नऊ ग्रॅम. डोळ्याला दिसतं का ते?"

"मग वाटलंत कशाला?"

ही आमची इंजिनियर मंडळी. डिग्री भिंतीवर, हातोडा हातात. काकांनी तो चुरा झाडूने गोळा केला.

कंपनीच्या साहेबाचा फोन आला, सही कधी? काका खरं तेच बोलले, "दगड पूजेत आहेत." साहेब म्हणाला, महिनाअखेरपर्यंत थांबतो, नंतर दुसऱ्या कुणाची सही घेईन.

सोळा दगड मिळाले. सतरावा, नऊ ग्रॅम जिथे सांगतात नेमका तिथला, मंडळातल्या यशोधनकडे. तो नोकरी बदलून टेक्सासमधल्या फ्रिस्कोला गेला, फोन नंबरही बदलला. त्या दगडावाचून काका कंपनीला खोटं पाडू शकत नाहीत, आणि त्या ज्वारीच्या गावातल्या माणसांना कुणी विचारतही नाही.

तेव्हा फ्रिस्कोकरांनो, कुणाच्या घरी 'बी ११' लिहिलेला, पेरूएवढा करडा दगड दिसला, तर या महिन्यातच बाळकाकांना पाठवा. कुंकू लागलेलं असलं तरी चालेल. फक्त फोडू नका.