पडद्याआडचं जेवण

अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी बसली, की मला एक भिंत आठवते. लग्नानंतर पुण्याच्या नवऱ्याला माहेरी, आदिलाबादला घेऊन गेले होते. धबधबा बघून परतताना तो म्हणाला, "हायवेवरचं पर्यटकांचं हॉटेल नको, इथले लोक जेवतात तिथं ने." बाबा ज्या खानावळीची तारीफ करायचे, तिथंच नेलं, कापूस बाजारामागच्या गल्लीत. मीही पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. बाकांवर सगळे पुरुष, केसांत कापूस अडकलेला. मला बघून त्यांचे हात ताटातच थांबले. मालक हळूच म्हणाला, "बाई, तुमी आतमंदी बसा. सारे तुमच्या बाबाच्या ओळखीचे हायेत." गोणपाटाचा पडदा सारून त्याने मला चुलीजवळ, भिंतीकडे तोंड करून बसवलं. डोळे धुराने चुरचुरत होते, आणि बाहेर पडायचं तर त्या साऱ्यांमधूनच जावं लागणार होतं. पडद्यापलीकडून नवरा ओरडला, "अगं, काय चव आहे या अंबाडीला! अजून एक भाकरी घेतो." मालक आग्रह करत राहिला, तो घेत राहिला. आजही पाहुण्यांना त्या जेवणाचं वर्णन करून तो माझ्याकडे वळतो, "होय की नाही गं?" मी मान डोलावते. भिंत निळी होती, आणि माझ्या नाकासमोर तिचा एक पोपडा सुटलेला होता.