नाव न घेतलेलं गाणं

गारगोटीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. साठीची बाई, मांडीवर भाजीची रिकामी पाटी. माझ्या मोबाइलचा इअरफोन निसटला आणि आमच्या बँडचं नवं गाणं मोठ्यानं वाजायला लागलं. गिटार, ड्रम आणि सत्तेवर ओरडणारा माझा आवाज. मी घाईनं बंद करायला गेलो, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे की."

पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"कुणावर वरडतोय ह्यो?"

"सरकारवर, मावशी."

"मग नाव का घेत न्हाय कुणाचं?"

"सगळ्यांवरच राग आहे त्याचा."

"आमच्या सरपंचानं वाडीचं पाणी तोडलं, तवा मी गावसभेत उभी ऱ्हाऊन त्याचं नाव घेतलं. सख्खा दीर हाय माझा. पाणी आलं. पण चार वर्सं झाली, त्याच्या घरातलं कुणी माझ्याशी बोलत न्हाय."

एवढं सांगून ती तिच्या थांब्यावर उतरली. तो आवाज माझा आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

घरी येऊन वही उघडली. गाण्यात सगळीकडे 'ते' असंच लिहिलं होतं. पहिला 'ते' खोडला. तिथं कुणाचं नाव यायला हवं, हे मला पक्कं ठाऊक आहे. अजून लिहिलेलं नाही.